अनिच्छित गर्भधारणा : कारणें, परिणाम व उपाय

वाचावयाचा शास्त्रभाग : योहान ८:१–११



सन १८६३ मध्यें पुणें येथें जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनीं बालहत्या-प्रतिबंधक गृह उघडिलें. फसविल्या गेलेल्या विधवा लोकलज्जेस्तव आपल्या अर्भकांचा किंवा स्वतःचाहि घात करीत. त्यांस गुप्तपणें बाळंत होण्यास तेथें आसरा मिळाला. अशाच एका मातेचा पुत्र यशवंत या दांपत्यानें दत्तक घेतला. यावरून हें शिकावें कीं, लोकलज्जेनें पाप थांबत नाहीं. प्राण मात्र जातात.

कारणें.—हें संकट केवळ अविवाहितांवरच येतें असें नाहीं. कित्येक विवाहित भगिनींवर तें अज्ञानामुळें येतें. अंगावर पाजीत असतां गर्भ राहत नाहीं, हा समज अर्धाच खरा आहे. मूल सहा महिन्यांच्या आंतील असून रात्रंदिवस केवळ अंगावरच पीत असेल व पाळी सुरू झाली नसेल, तोंवरच त्यावर भरंवसा ठेवावा. बालविवाह, पतीचा हट्ट व बलात्कार हीं दुसरीं कारणें होत.

परिणाम.—बाळंतपणें लागोपाठ झाल्यास मातेच्या अंगीं रक्त राहत नाहीं व मूल अशक्त निपजतें. भयानें चोरून अडाणी हातीं गर्भ पाडविणारीस रक्तस्रावानें किंवा जंतुदोषानें मरणहि येतें. गर्भपाताविषयीं ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत. तथापि १९७१ च्या व २०२१ सालीं सुधारलेल्या कायद्याप्रमाणें ठराविक कारणांसाठीं, ठराविक मुदतींत, अधिकृत डॉक्टरासच तो करितां येतो, हें सर्वांनीं जाणावें.

उपाय.—सरकारी आरोग्य केंद्रांत निरोध, गोळ्या, दर तीन महिन्यांनीं घ्यावयाची सुई व तांबी हीं साधनें मोफत मिळतात. पुरुषाची नसबंदी स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी आहे. मात्र तीनंतर तीन महिने दुसरें साधन वापरावें. साधनावांचून संबंध घडल्यास तातडीची गोळी ७२ तासांच्या आंत घ्यावी; जितकी लवकर तितकी बरी.

उपदेशकांनीं विवाहापूर्वींच वधूवरांस हें ज्ञान द्यावें. एखादी मुलगी संकटांत सांपडल्यास तिचें नांव मंडळींत उच्चारूं नये; प्रथम तिला दवाखान्यांत न्यावें व तिच्या घरच्यांस धीर द्यावा. धोंडे घेऊन आलेले लोक प्रभूच्या शब्दानें एकामागून एक निघून गेले, हें आपण विसरूं नये.

विचारासाठीं प्रश्न.—
१. आपल्या गांवीं अशी मुलगी प्रथम कोणाच्या दारीं जाईल? तें दार आपलें कां नसावें?
२. या कामीं पुरुषांचें कर्तव्य कोणतें?