दक्षिणेंतील कर्जाचा इतिहास व आजचें कर्जधोरण

शेतकऱ्याच्या कर्जाची गोष्ट निघाली कीं दोन उपाय तत्काळ सुचविले जातात : एक, सावकाराचा हात कायद्यानें बांधावा, दुसरा, सरकारनें कर्ज माफ करावें. हे दोन्ही उपाय आपल्या देशांत योजून झालेले आहेत. त्यांचा गुण कोठें आला व कोठें आला नाहीं, हें आर्थिक इतिहासाच्या संशोधकांनीं जुनीं दप्तरें व कुटुंबांच्या पाहण्या यांवरून तपासलें आहे. ज्याच्या नांवावर जमीन व खात्यावर कर्ज आहे, त्यास हा विषय केवळ विद्वानांचा म्हणून सोडून देतां यावयाचा नाहीं. म्हणून पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील 1875 सालच्या दंग्यापासून आजपर्यंतचा इतिहास येथें थोडक्यांत सांगून, कर्जधोरणाची परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी याचा विचार आम्ही करणार आहों.

जुना वाणी व नवें कोर्ट

इंग्रजी अमल स्थिर होण्यापूर्वीं गांवचा वाणी बहुधा आपल्याच गांवच्या, ओळखीच्या कुळास कर्ज देई. व्याज जबर असे, आणि वाणी कांहीं धर्मार्थ दुकान घालून बसलेला नसे. परंतु वसुलीसाठीं त्याच्या पाठीशीं सरकारची सत्ता फारशी नसल्यामुळें, कूळ जगलें तरच पैसा परत येईल हें तो ओळखून असे. पाऊस बुडाला तर बियाण्यास व पोटास दाणे देणें हा त्याचा स्वार्थच होता.

पुढें दोन गोष्टी बदलल्या. 1836 सालीं इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांची रयतवारी जमाबंदी सुरू झाली, व तीच पद्धति इतरत्र पसरली. सारा तीस वर्षांकरितां ठरला व तो रोख भरणें प्राप्त झालें. दुसरें, दिवाणी कोर्टांत खत दाखवून हुकूमनामा मिळविणें व त्यावर जप्ती आणणें सावकारास सुलभ झालें. 1859 च्या मुदतीच्या कायद्यानें कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची ठरली. जुनीं कर्जें उकरून काढून ऋणकोस त्रास होऊं नये, असा त्यांत हेतु होता. फळ मात्र उलटें आलें. मुदत भरत आली कीं सावकार नवें खत लिहून घेई, व थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवी.

याचा परिणाम उदाहरणानें पाहावा. समजा, एकानें 100 रुपये दरमहा शेंकडा 2 रुपये व्याजानें घेतले व कांहींच फेड केली नाहीं. तीन वर्षांनीं 72 रुपये व्याज होऊन नवें खत 172 रुपयांचें झालें. सहा वर्षांनीं तें सुमारें 296 रुपयांचें, व नऊ वर्षांनीं सुमारें 509 रुपयांचें झालें. खत न बदलतां सरळ व्याज आकारलें असतें तर नऊ वर्षांनीं देणें 316 रुपये झालें असतें. मधले 193 रुपये शेतांत गेले नाहींत कीं घरांत आले नाहींत. ते केवळ कागदावर वाढले.

दंगा व 1879 चा कायदा

1861 ते 1865 या काळांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें इंग्लंडास तिकडील कापूस मिळेना, व हिंदुस्थानांतील कापसाचे भाव भडकले. पैसा सैल झाला. मागेल त्यास कर्ज मिळूं लागलें. युद्ध संपलें, भाव उतरले, आणि सावकारांनीं हात आखडला. नेमक्या याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून फेरजमाबंदी सुरू झाली व सारा वाढला. पत आटली, देणें राहिलें, सारा चढला, असे तीन भार एकदम पडले. 12 मे 1875 रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा झाला व तो अहमदनगर जिल्ह्यापर्यंत पसरला. त्याचा मुख्य रोख माणसांवर नसून खतांवर व वह्यांवर होता. कागद हातीं आले व जाळले कीं जमाव बहुधा शांत होई. आपलें दुखणें कोठें आहे हें त्या निरक्षर लोकांस बरोबर कळलें होतें.

सरकारनें कमिशन नेमलें, व 1879 सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू केला. खतावर विसंबून न राहतां कर्जाचा मूळ हिशेब कोर्टानें तपासावा, हप्ते बांधून द्यावे, कर्जासाठीं शेतकऱ्यास कैद करूं नये, व खास तारण लिहून दिल्याशिवाय त्याची जमीन विकूं नये, अशा त्यांत तरतुदी होत्या. कायदा न्याय्य होता. परंतु पुष्कळ ठिकाणीं सावकार गहाणखताऐवजीं खरेदीखतच लिहून घेऊं लागले. पैसे फेडल्यावर जमीन परत करण्याचा करार तोंडीच राही. ज्याच्या संरक्षणासाठीं कायदा झाला, त्याच्याच हातून जमिनीचा कागद जाऊं लागला. सावकाराचा हात बांधला गेला. पण नडीच्या वेळीं दुसरा हात पुढें आला नव्हता.

तो हात निर्माण करण्याचे यत्न झाले. सर विल्यम वेडरबर्न यांनीं पुरंदर तालुक्यासाठीं शेतकी पेढीची योजना मांडली. हिंदुस्थान सरकार अनुकूल असतां विलायतेंतील स्टेट सेक्रेटरींनीं ती नाकारली. 1883 व 1884 सालीं तगाईचे कायदे झाले, 1904 सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. तरीही 1951-52 च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणींत शेतकऱ्यांच्या एकंदर कर्जांत सहकारी संस्थांचा वाटा शेंकडा 3.1 व सावकारांचा सुमारें 70 आढळला. दंग्यास तेव्हां पाऊणशें वर्षें लोटलीं होतीं.

संशोधकांचीं मतें

दंग्याविषयीं संशोधकांत एकमत नाहीं. नील चार्ल्सवर्थ यांनीं 1972 सालीं दाखविलें कीं, दंग्याची व्याप्ति व सावकारांकडे जमिनी गेल्याचें प्रमाण हीं फुगवून सांगितलीं गेलीं आहेत. रेचेल क्रँटन व आनंद स्वामी यांचा 1999 चा निबंध आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो. त्यांचें म्हणणें असें कीं, कोर्टांमुळें नवे सावकार धंद्यांत आले व चढाओढ वाढली. परंतु आजचें कूळ उद्यां दुसऱ्याकडे जाणार असल्यानें, वाईट सालीं त्यास सांभाळण्यांत कोणाचाच स्वार्थ उरला नाहीं. चांगल्या सालीं कर्ज स्वस्त होणें व वाईट सालीं आधार मिळणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. धोरण ठरविणारे पहिलीकडे पाहतात; शेतकरी मरतो तो दुसरीच्या अभावीं.

आजची स्थिति

आज सोसायटी व बँक यांचा वाटा पुष्कळ वाढला आहे. तथापि ‘नवें-जुनें’ करण्याची चाल आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. मुदतीच्या तोंडावर कोणाकडून तरी चार दिवसांपुरते पैसे जबर व्याजानें आणून सोसायटीचें खातें भरावयाचें, व नवें कर्ज उचलून ते परत करावयाचे ! पुस्तकांत वसुली पुरी दिसते. शेतकऱ्याचें देणें तसेंच राहतें. 1875 पूर्वींच्या खताशीं याचें साम्य उघड आहे.

माफीचाही अनुभव आहे. केंद्राची 2008 ची माफी, व महाराष्ट्राच्या 2017 व 2019 च्या योजना सर्वांस ठाऊक आहेत. 2008 च्या माफीनंतर मार्टिन कांझ यांनीं गुजरातेंतील कुटुंबांची पाहणी केली. कर्जाचा बोजा कमी झाला, परंतु शेतींतील भांडवल वा उत्पन्न वाढलें नाहीं, आणि कर्जाचा ओढा संस्थांकडून दूर गेला, असें त्यांस आढळलें. माफी निरुपयोगी, असा याचा अर्थ नव्हे. बुडत्यास बाहेर काढलेंच पाहिजे. परंतु माफी मागचा हिशेब मिटविते, पुढचा पाऊस बांधून देत नाहीं.

तीन कसोट्या

या इतिहासावरून कोणतेंही कर्जधोरण पुढील तीन प्रश्नांनीं पारखावें :

1. व्याज मुद्दलांत मिळविण्यास त्यांत वाव आहे काय ? असल्यास देणें शेतांत नव्हे, कागदावर वाढेल.

2. एका धनकोचा हात बांधल्यावर दुसऱ्या दिवशीं बियाण्यास पैसा कोण देणार, हें ठरलें आहे काय ?

3. पीक बुडाल्या सालीं हप्त्याचें काय होतें ? पीककर्जाचें लांब मुदतीच्या कर्जांत रूपांतर व पीकविमा या तरतुदी कागदावर आहेत. त्यांचा लाभ पुढील पेरणीपूर्वीं पदरांत पडतो काय?

तिसरा प्रश्न आम्ही सर्वांत महत्त्वाचा समजतों. हे प्रश्न केवळ सरकारास विचारावयाचे आहेत असेंही नाहीं. सोसायटीच्या वार्षिक सभेंत अहवाल वाचला जातो तेव्हां वसुलीच्या आंकड्यावर टाळी वाजवून उठूं नये. त्यांपैकीं खरी फेड किती, नवें-जुनें किती, व गतसालीं पीक बुडालेल्या किती सभासदांस रूपांतर मिळालें, हें उभें राहून विचारावें. आपल्या पूर्वजांनीं कागद जाळला, कारण तो त्यांस वाचतां येत नव्हता. आपणांस वाचतां येतो. तो वाचणें हें आपलें काम आहे.