फी भरण्याआधी कलम 30 समजून घ्या

मुदखेड तालुक्यात मी पशुवैद्यकीय सहायकाचं काम करतो. दहावी-बारावीचा निकाल लागला की पोरं विचारायला येतात, ‘दादा, जनावरांच्या डॉक्टरच्या हाताखालचा कोर्स कुठं करावा?’ त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितोय.

शिकाऊ असताना पाहिलेला एक प्रसंग आधी सांगतो. शेजारच्या गावातल्या एका पोरानं शहरातल्या खासगी क्लासमधून काही आठवड्यांत ‘पशुवैद्यकीय सहायक’ असं प्रमाणपत्र मिळवलं होतं. क्लासवाल्यांनी नोकरीची हमी दिली होती, सलाईन लावायलाही शिकवलं होतं. एक नुकतीच व्यालेली गाय मान पोटाकडे वळवून बसली, कान गार पडले. हा दुग्धज्वर आहे, हे त्यानं बरोबर ओळखलं. पण कॅल्शियमची बाटली शिरेतून भराभर सोडली. डॉक्टर आणि मी पोचेस्तोवर गाय गेली होती. कॅल्शियम वेगानं रक्तात गेलं की हृदय बंद पडू शकतं. ते हृदयाचे ठोके ऐकत, सावकाश द्यावं लागतं आणि तो निर्णय डॉक्टरांचाच. मालकाची दुभती गाय गेली, पोरावरचा गावाचा भरवसा गेला. पुढं भरतीच्या वेळी त्याचा कागदही कुणी धरला नाही.

म्हणून फी भरण्याआधी भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 मधलं कलम 30 समजून घ्या. उपचार करण्याचा हक्क नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे. त्यासाठी परभणी, उदगीरसारख्या महाविद्यालयातली पदवी लागते. पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्या सहायकाला राज्य सरकारची परवानगी असेल तरच आणि पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी, प्राथमिक उपचार अशी कामं करता येतात.

कोर्स निवडताना तीन गोष्टी विचारा. मान्यता कोणाची? नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची पदविका असेल, तर संस्थेचं नाव थेट विद्यापीठाकडूनच पडताळून घ्या. या प्रमाणपत्रावर कोणत्या पदासाठी अर्ज करता येतो? पशुधन पर्यवेक्षकाच्या भरतीची जाहिरात काढून त्यातली पात्रता स्वतः वाचा. आणि प्रत्यक्ष काम कुठल्या दवाखान्यात, कुणाच्या देखरेखीखाली शिकवणार? नुसत्या वर्गात बसून जनावर कळत नाही. कृत्रिम रेतनाचं ‘मैत्री’ प्रशिक्षण साधारण तीन महिन्यांचं असतं. ते चांगलं आहे, पण त्यानं कुणी डॉक्टर होत नाही.

शिकताना बारीकसारीक गोष्टींना जपा. रेतमात्रेची नळी उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून काढली की 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची. पाणी अंदाजानं घेतलं तर मात्रा वाया जाते. सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळी भरवावी, संध्याकाळी आलेली दुसऱ्या दिवशी सकाळी. आपल्याकडं लाल कंधारी आणि देवणी या अस्सल जाती आहेत. मालकाला न विचारता त्यांच्यात जर्सीची मात्रा भरू नका.

स्वतःच्या जिवालाही जपा. लाळ गाळणारं, हंबरून घसा बसलेलं जनावर दिसलं की घशात काही अडकलं म्हणून लोक तोंडात हात घालायला सांगतात. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानं रेबीज झालेलं जनावरही असंच दिसतं. हात घालू नका, डॉक्टरांना बोलवा आणि प्रशिक्षणाच्या सुरुवातीलाच रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. गाय गाभडली किंवा वार अडकली, तर खांद्यापर्यंतच्या हातमोज्यांशिवाय जवळ जाऊ नका. ब्रुसेलोसिस माणसालाही होतो. त्याची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना टोचताना सुई आपल्या बोटात जाऊ देऊ नका, कारण त्या लसीत जिवंत जंतू असतात.

गोठ्यात मालक घाबरलेला असतो. ‘तुम्हीच काहीतरी टोचा’ म्हणून गळ घालतो. अशा वेळी 1962 या टोल-फ्री क्रमांकावर किंवा जवळच्या दवाखान्यात फोन लावा, तापमान आणि लक्षणं नीट सांगा, डॉक्टर येईपर्यंत जनावराजवळ थांबा. ‘हे काम डॉक्टरांचं आहे’ हे वेळेत सांगितल्यानं माझी गिऱ्हाइकं तुटली नाहीत. अवघड वेळी लोक आजही आधी मलाच फोन करतात. तुम्हालाही असंच काम करायचं असेल, तर मान्यतेचा कोर्स घ्या आणि एखाद्या चांगल्या डॉक्टरांच्या हाताखाली मन लावून शिका.