विहिरीची वही

अगं, कारखान्याशेजारच्या विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसायला लागलं की आपण बायका काय करतो? दुहेरी फडक्यातून गाळतो, उकळतो आणि गप्प बसतो. यातलं काहीच करू नकोस. कारखान्याचं रसायन फडक्यात अडकत नाही. उकळल्यावर पाणी आटतं, विष उरतंच. प्यायला ग्रामपंचायतीकडे टँकर माग आणि आजच एक जाडजूड वही सुरू कर.

रंग कधी बदलला, वास कसला, गुरांनी कधी तोंड फिरवलं, कुणाच्या अंगावर चट्टे उठले, सगळं तारखेनिशी लिही. दवाखान्याच्या चिठ्ठ्या, टँकरच्या पावत्या त्यातच चिकटव. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे भरपाई मागायला 5 वर्षांची मुदत आहे आणि ती भरपाईचं कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून मोजतात. आपलं खंडपीठ पुण्यात आहे.

‘कारखान्याची चूक मी कशी दाखवू?’ म्हणशील. न्यायाधिकरणापुढे चूक दाखवावी लागत नाही. पण विष त्यांच्याकडूनच आलं, हे दिसायला हवं. म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाण्याची तपासणी करा असा लेखी अर्ज दे. साहेब कितीही गोड बोलले तरी शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही.

राजस्थानातलं बिछडी गाव बघ. एच-ॲसिड नावाच्या रसायनाच्या कारखान्यांनी तिथल्या विहिरी नासवल्या. 1989 साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. प्रदूषण करणाऱ्यानेच खर्च सोसायचा, असा निकाल 1996 साली लागला. तरी त्या कारखान्यांची कंपनी अर्जांवर अर्ज करत राहिली. शेवटी 2011 साली न्यायालयाने 37 कोटी 38 लाख 50 हजार रुपये चक्रवाढ व्याजासह भरायला सांगितले. पण ती रक्कम माती-पाणी स्वच्छ करण्यासाठी. ज्याच्या त्याच्या नुकसानीसाठी दिवाणी दाव्याची वाट मोकळी ठेवली होती. म्हणजे कुणाचं पीक गेलं, कुणाचं दुभतं आटलं, याचा हिशेब घरोघरी आपणच ठेवायचा असतो.

आणि एक कानात सांगते. कंपनीचा माणूस रोख पैसे आणि कागद घेऊन दारात येईल. ‘यापुढे माझी काही तक्रार नाही’ असं एखाद्या कोपऱ्यात छापलेलं असेल. नवऱ्याला, सासऱ्यांना आधीच बजावून ठेव: वकिलाने वाचल्याशिवाय घरातल्या कुणीही सही करायची नाही, अंगठाही नाही.