वजन उतरविण्यासाठी गट केवढा असावा?



उसाचे वजन होताना आपण काट्यावर डोळ्यांत तेल घालून उभे राहतो. अंगाच्या वजनाकडे मात्र गुडघे बोलू लागले, नाहीतर शुगर निघाली, की मगच लक्ष जाते. मग फोनवर गट निघतो आणि त्यात एकदम शंभर-दीडशे माणसे घातली जातात. त्याचा उपयोग किती?

अमेरिकेतील एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. ६६ लठ्ठ माणसांपैकी काहींना १२ जणांच्या, तर काहींना ३० जणांच्या गटात घातले. शिकवण एकच. वर्षअखेर लहान गटात सरासरी ७ किलो वजन उतरले, मोठ्या गटात १.७ किलो. कारण साधे. लहान गटातले लोक जास्त मनापासून सहभागी झाले आणि रोजचे खाणे जास्त नेमाने लिहीत गेले. प्रयोग छोटा, पण बोध घेण्याजोगा.

आम्हा शेतकी खात्याचाही अनुभव असाच आहे. मोठ्या मेळाव्यात नुसत्या माना डोलतात. बांधावर दहाजण जमले, की ‘माझ्या खोडव्याचं काय?’ असा प्रश्न निघतो.

तेव्हा दहा-बारा जणांचाच गट करा. वार ठरवून, एकाच काट्यावर वजन करून वहीत मांडा. काय खाल्ले, किती चाललो, ते रोज फोनवर कळवा. कोणी दोन दिवस गप्प राहिला, तर घरी जाऊन हाक मारा. माणसे वाढली, तर दुसरा गट पाडा. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, त्यांनी आहार बदलण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारावे.