कोर्टात नको, कंपनीत बघा!

बारावीचा निकाल लागला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या समुपदेशकांपुढे एक प्रश्न ठरल्यासारखा येऊन बसतो. "मुलीला लॉ करायचंय, आमची काही हरकत नाही. पण कोर्टात नको हं. कंपनीत बसेल असं काहीतरी सुचवा." मुलगी शेजारी गप्प असते. तिला काय हवंय असं विचारलं, तर उत्तरही बाबाच देतात.

तर आधी बाबांचं समाधान करू. कंपनीत बसवणारा राजमार्ग 'क्लॅट' या प्रवेश परीक्षेतून जातो. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत देशभर मिळून जागा काही हजारच आणि पवईच्या विद्यापीठाची वर्षाची फी दोन लाखांच्या वर. तिथे नाही जमलं तर राज्याची सीईटी आहे. बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन. ठाण्यात चेंदणीचं टीएमसी लॉ कॉलेज आहे, बाळकुमला मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. मग महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. सनदेसाठी खुल्या गटाकडून 750 रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये बजावलंय. कोणी हजारोंचा आकडा सांगितला तर हे लक्षात ठेवावं.

दुसरी आवडती कल्पना 'थेट जज'. ती 20 मे 2025 ला निकालात निघाली. कनिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं तर आधी तीन वर्षं वकिली केलेली हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. म्हणजे ज्या कोर्टाला टाळायचं होतं, त्याच कोर्टाच्या पायऱ्या जजसाहेब होण्यासाठीही झिजवायच्या आहेत.

आता ज्या कामाचं नाव काढताच आया दचकतात, त्याबद्दल. आरोपीची वकिली, आणि त्यातही अठरा वर्षांखालच्या आरोपींची. "म्हणजे चोर-गुंडांना सोडवायचं?" हा पुढचा प्रश्न. सरकारी वकील व्हायला कोणाची ना नसते, कारण घराघरात उज्ज्वल निकम माहीत असतात. बचावाच्या बाजूला असं घरोघरी पोचलेलं नाव नाही.

ठाणे जिल्ह्यातला मुलगा एखाद्या गुन्ह्यात सापडला, तर त्याला भिवंडीच्या बाल न्याय मंडळापुढे उभं केलं जातं. डोंबिवलीच्या आईबापांना तिथे जायचं म्हणजे आधी कल्याण, मग दुर्गाडी पूल, मग कोनगावच्या वाहतूक कोंडीतून भिवंडी. तिथे न्यायदंडाधिकाऱ्यासोबत दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यांतली निदान एक महिला. उंच चौथरा नसावा, साक्षीदाराचा पिंजरा नसावा, मुलाला आणणारे पोलीस साध्या कपड्यांत असावेत, असे नियम आहेत. सिनेमातलं कोर्ट डोक्यात घेऊन आलेला नवा वकील तिथे पहिल्या दिवशी गडबडतो.

आणि इथल्या कामाची सुरुवात युक्तिवादाने होत नाही, दाखल्याने होते. पोरगं सतरा वर्षांचं की अठरा पूर्ण, यावर सगळा खटला फिरतो. कायद्याचा क्रम ठरलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर हाडांची तपासणी. म्हणून जाणता वकील बापाला सांगतो, "रडणं नंतर. आधी शाळेत जा आणि जनरल रजिस्टरचा उतारा आणा."

त्या उताऱ्याची किंमत किती, हे पुण्याच्या एका खटल्यात दिसलं. ऑगस्ट 1994 मध्ये तिथे एकाच घरात सात जणांचा खून झाला. राजस्थानातून आलेल्या एका आरोपीला फाशी झाली, उच्च न्यायालयाने आणि सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. पुढे त्याच्या गावच्या शाळेची नोंद पुढे आली. 27 मार्च 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. बालकाला जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवता येतं. हा अठ्ठावीस वर्षं तुरुंगात होता, त्यातली बरीच फाशीच्या छायेत. खटला चालू असतानाच कोणी शाळेत जाऊन ते रजिस्टर उघडलं असतं तर, एवढाच प्रश्न आहे.

पुण्याचंच दुसरं प्रकरण सगळ्यांना पाठ आहे. मे 2024, कल्याणीनगर, पोर्शे गाडी, दोन मृत्यू आणि तीनशे शब्दांचा निबंध. त्या निबंधावर देश संतापला, आणि रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाल्यावर संतापाला कारणही होतं. पण बालकाला जामीन हा नियम आणि नाकारणं हा अपवाद, हे बाल न्याय कायद्याच्या कलम 12 मध्येच लिहिलंय. तो नियम पैसेवाल्याच्या मुलाला जितका लागू, तितकाच आंबिवलीच्या रिक्षावाल्याच्या मुलाला. फरक इतकाच, की रिक्षावाल्याला तो सांगायला कोणी नसतं.

या भागात नेहमी येणारं आणखी एक प्रकरण म्हणजे पळून गेलेली जोडी. तो सतरा, ती पंधरा किंवा सोळा. मुलीचे वडील पोलिसांत जातात आणि पॉक्सो हा बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायदा लागतो. कलम 4 खाली किमान शिक्षा दहा वर्षं, मुलगी सोळाच्या आत असेल तर वीस. किमान सात वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा 'घृणास्पद' या वर्गात मोडतो. अशा गुन्ह्यात मुलगा सोळा ओलांडलेला असेल, तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, याची प्राथमिक तपासणी मंडळाला करावी लागते. इथे मानसशास्त्र, कायदा आणि घरची परिस्थिती एकाच टेबलावर येते. हे काम नीट जमणारे वकील या पट्ट्यात फार थोडे आहेत, आणि नेमकी हीच संधी आहे.

शाळा-कॉलेजच्या चौकशा हा याचाच धाकटा भाऊ. ऑगस्ट 2023 मध्ये ठाण्याच्या बांदोडकर आणि जोशी-बेडेकर कॉलेजांच्या आवारात एनसीसीच्या सरावात पावसात ओणवं करून मुलांना काठीने मारल्याची चित्रफीत सगळीकडे फिरली. मारणारा वरच्या वर्गातला विद्यार्थी होता. तो निलंबित झाला, चौकशी बसली. टीएमसी लॉ कॉलेज त्याच आवारात आहे. मार खाणाऱ्याला आणि मारणाऱ्याला, दोघांनाही अशा वेळी नियम माहीत असलेलं माणूस लागतं. 1999 चा रॅगिंगविरोधी कायदा दोषी विद्यार्थ्याला पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश घेऊ देत नाही. कॉपीच्या प्रकरणांना 1982 चा वेगळा कायदा आहे. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही आणि मारताही येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात आहे. तरी पालक पहिला फोन नगरसेवकाला करतात, दुसरा ओळखीच्या हवालदाराला. मग ऑफिसात बसून, क्लार्कने मजकूर सांगितला तसा माफीनामा मुलाकडून लिहून घेतात. प्रकरण पोलिसांत गेलं की तोच कागद पुरावा म्हणून समोर येऊ शकतो.

प्रौढ आरोपींचं काम तर पुरून उरेल इतकं आहे. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे सुमारे तीन कच्चे कैदी असतात. कल्याणचं आधारवाडी किंवा ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह त्याला अपवाद नाही. बालक, महिला आणि कोठडीतली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे 1987 च्या कायद्यात आहे. त्यासाठी 2022 पासून पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना सुरू झाली. नवख्यांना सहायक म्हणून दरमहा मानधनावर घेतलं जातं, मात्र खासगी खटले घेता येत नाहीत. मानधन कंपनीइतकं नाही. पण सीनियरच्या चेंबरमध्ये पहिली दोन-तीन वर्षं घरचा डबा आणि घरच्याच पैशाचा लोकलचा पास, यापेक्षा बरंच बरं. शिवाय 1 जुलै 2024 पासून फौजदारी कायदे बदललेत. खुनाचं 302 आता 103 झालं, फसवणुकीचं 420 आता 318. तीस वर्षं मुरलेल्या वकिलालाही पुस्तक नव्याने उघडावं लागलं, तेव्हा नवी मुलं फार मागे नाहीत.

राहिली लोकनिंदा. ती होणार. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचारानंतर लोक रेल्वेमार्गावर उतरले. पुढच्याच महिन्यात आरोपी पोलिसांच्या गोळीने मारला गेला आणि जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्यासाठी पाच पोलिसांना जबाबदार धरलं. खटला पुराव्यानिशी चालून निकाल लागला असता, तो त्या मुलींच्याही वाट्याला आला नाही. अशा प्रकरणातही आरोपीचं वकीलपत्र कोणी घेऊ नये असा ठराव वकील संघटनेला करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2010 मध्येच सांगितलंय.

हे काम सगळ्यांसाठी नाही. संध्याकाळी सहाला घरी जेवायला हवं असलेल्याने, पुकारा होईपर्यंत चार तास बाकावर बसवत नसलेल्याने, अशिलाच्या खोटेपणाने खचून जाणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये. पण जी मुलगी शेजारी गप्प बसलीय आणि जिला हेच करायचंय, तिला 'लोक काय म्हणतील' म्हणून कंपन्यांची करारपत्रं वाचायला बसवणं हा शुद्ध आडमुठेपणा आहे. पाच वर्षं फी भरून नावडतं काम करणारी मुलं सल्ला मागायला परत येतात, तेव्हा सोबत आईबाप नसतात.

बाल न्याय मंडळाचं कामकाज बाहेरच्यांना बघता येत नाही. ठाण्याचं आणि कल्याणचं न्यायालय मात्र खुलं आहे, आणि उन्हाळी सुट्टीत दिवाणी कामं थांबली तरी जामीन आणि रिमांड चालूच असतात. प्रवेश घेण्याआधी मुलीला आठवडाभर तिथे मागच्या बाकावर बसू द्या. तुम्ही सोबत जाऊ नका.