न्यायालयाचा कारभार आणि आपण

न्यायालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोनच माणसे येतात. एक आसनावर बसलेले न्यायाधीश आणि दुसरे काळ्या कोटातले वकील. परंतु दावा दाखल झाल्यापासून निकाल हाती पडेपर्यंत जो कागद फिरतो, तो या दोघांपेक्षा न्यायालयातील कर्मचाऱ्यांच्या हाती अधिक काळ असतो. तो कोणाकडे असतो, कोणाला काय विचारावे आणि काय विचारू नये, हे ठाऊक नसल्यामुळे आपल्या लोकांची कितीतरी प्रकरणे युक्तिवादापर्यंत पोचतच नाहीत. समन्स परत पाठवले, पेशी चुकली, नक्कल वेळेत काढली नाही. हरण्याचे कारण एवढेच असते.

बल्लारपूर हे कागद कारखान्याचे आणि कोळसा खाणींचे गाव. कामगारांची देणी, रस्त्यावरील अपघात, जमिनीचा मोबदला, वारसा, पोटगी अशा कामांसाठी येथील माणसाला चंद्रपूरच्या जिल्हा न्यायालयाची पायरी कधी ना कधी चढावीच लागते. म्हणून या कारभाराची तोंडओळख येथे करून देत आहोत.

कोणत्या टेबलावर काय?

जिल्हा न्यायालयाच्या कार्यालयाचा प्रमुख प्रबंधक असतो. त्याच्या हाताखाली अधीक्षक, सहायक अधीक्षक, वरिष्ठ व कनिष्ठ लिपिक असतात. दावा प्रथम दाखल विभागात जातो. तेथे कोर्ट फी, सह्या आणि सोबतची कागदपत्रे तपासून त्याला क्रमांक दिला जातो. न्यायाधीशांसमोर बसणारा लिपिक त्या दिवसाच्या प्रकरणांचा पुकारा करवून घेतो व पुढील तारीख नोंदवतो. न्यायाधीश सांगतील तो मजकूर लघुलेखक उतरवून घेतो. नाझर हा पैसे आणि समन्स-वॉरंट बजावणी यांचा प्रमुख असून बेलिफ त्याच्या अधिकारात काम करतात. निकाली प्रकरणे अभिलेख कक्षात ठेवली जातात आणि प्रमाणित प्रती नक्कल विभागातून मिळतात.

तारीख कोणती, प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे, अर्ज कोठे द्यावा, हे कर्मचाऱ्याला निःसंकोच विचारावे. खटला कसा लढावा, हा सल्ला मात्र त्याने द्यायचा नसतो. ते वकिलाचे काम. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. आता प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो जवळ असला तर ई-कोर्ट्सच्या मोबाईल ॲपवर पुढची तारीख घरबसल्या कळते. हा क्रमांक घरच्या वहीत लिहून ठेवावा.

बेलिफ दारात आला तर

आपल्या वस्तीत बेलिफ आला की माणसे घरामागून निघून जातात. घेतलेच नाही तर खटला लागू होणार नाही, असा समज आहे. तो अगदी चुकीचा आहे. समन्स घेण्यास नकार दिला तर बेलिफ त्याची प्रत दारावर चिकटवून तसा अहवाल देतो, आणि न्यायालय ती बजावणी मान्य करू शकते. मग आपल्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा होतो. वास्तविक समन्स म्हणजे शिक्षा नव्हे. आपली बाजू मांडण्याचे ते बोलावणे आहे. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी कैफियत द्यावी लागते. न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. एकतर्फी हुकूमनामा झालाच असेल तर तो रद्द करण्याचा अर्ज हुकूमनाम्यापासून तीस दिवसांत करता येतो. समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल, तर हे तीस दिवस हुकूमनामा कळला त्या दिवसापासून मोजतात.

या बाबतीत महाडचे उदाहरण आपल्यासमोर आहे. डिसेंबर १९२७ मध्ये चवदार तळ्याबाबत डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावण्यात आला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवण्यात आला. बाबासाहेबांनी त्या हुकमाकडे पाठ फिरवली नाही. तळ्यावरचा नियोजित सत्याग्रह त्यांनी स्थगित केला आणि दावा नेटाने लढवला. तारखा पडत गेल्या, अपिले झाली. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करण्याची अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही. जवळजवळ दहा वर्षे हा दावा टिकला, तो प्रत्येक टप्प्यावर हजर राहून उत्तर दिल्यामुळे.

नक्कल आणि मुदत

निकाल विरुद्ध गेला तर पहिले काम रडणे नव्हे, नकलेचा अर्ज करणे. कनिष्ठ दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करण्यास तीस दिवस मिळतात, तर उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्या भागासाठी नागपूर खंडपीठाकडे, दिवाणी अपिलास नव्वद दिवस. नक्कल तयार होण्यास जो आवश्यक काळ लागतो तो या मुदतीतून वगळला जातो. अर्ज केव्हा केला, नक्कल केव्हा तयार झाली आणि केव्हा दिली, या तारखा नकलेवर नोंदवलेल्या असतात. त्या किरकोळ नाहीत. अपील मुदतीत आहे की नाही हे त्यांवरून ठरते. फौजदारी खटल्यात कारावासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालपत्राची प्रत लगेच व विनामूल्य मिळाली पाहिजे.

भाषेचाही प्रश्न आहे. १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. परंतु आपल्या दोन जिल्ह्यांत तेलुगू, गोंडी, माडिया बोलणारे बांधव पुष्कळ आहेत. साक्ष ज्या भाषेत चालली ती आरोपीला समजत नसेल, तर त्याला समजणाऱ्या भाषेत ती सांगितली गेली पाहिजे, असा कायदा आहे. तेव्हा न समजता मान डोलावू नये. समजत नाही, असे स्पष्ट सांगावे.

नुकसानभरपाईची ठेव

आम्ही बँकेत कारकुनी करतो, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अपघातात घरचा कर्ता गेला की मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई मंजूर करते. परंतु अज्ञान मुलांच्या आणि पुष्कळदा निरक्षर विधवेच्या वाट्याची रक्कम न्यायाधिकरण बँकेत मुदत ठेवीत ठेवण्यास सांगते. ही रक्कम कोणी फसवून नेऊ नये, हा त्यातला हेतू. पुढे आजारपण येते, मुलीचे शिक्षण येते आणि बाई पावती घेऊन काउंटरवर येते. न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय ही ठेव मोडता येत नाही, तिच्यावर कर्जही देता येत नाही, असे सांगताना आम्हालाही वाईट वाटते. बाई निराश होऊन परतते आणि मग कोणी मध्यस्थ तिला गाठतो.

यावर रीतसर मार्ग आहे. रुग्णालयाचे अंदाजपत्रक किंवा महाविद्यालयाचे शुल्कपत्रक जोडून त्याच न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. कारण पटले की न्यायाधिकरण आदेश देते आणि त्या आदेशावर बँक रक्कम देते. यासाठी कोणाला टक्केवारी देण्याची गरज नाही.

मोफत वकील हा हक्क आहे

वकिलाची फी कोठून आणावी, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमात आहे. हा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्यानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, अटकेतील व्यक्ती आणि जातीय अत्याचाराचे बळी यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळू शकते. वर सांगितलेल्या ठेवीच्या अर्जासाठीही ती मागता येते. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही चौकशी करता येते.

याच यंत्रणेमार्फत लोकअदालत भरते. तेथे तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. परंतु तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्यापूर्वी मजकूर वाचून घ्यावा, वाचता येत नसेल तर वाचून मागावा.

विद्यार्थ्यांसाठी

ज्या टेबलांसमोर आपण भीत भीत उभे राहतो, त्या टेबलांमागे आपली मुले-मुली का बसू नयेत? डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील जिल्हा न्यायालयांसाठी ४,६२९ पदांची जाहिरात निघाली. त्यात लघुलेखकांची ५६८, कनिष्ठ लिपिकांची २,७९५ आणि शिपाई-हमालांची १,२६६ पदे होती. लिपिकासाठी कोणत्याही शाखेची पदवी, मिनिटाला इंग्रजी ४० व मराठी ३० शब्दांचे टंकलेखन आणि संगणकाचे ज्ञान मागितले होते. कला शाखेच्या पदवीधराला हे अशक्य नाही. पण टंकलेखन जाहिरात निघाल्यावर शिकून येत नाही. पदवीच्या पहिल्या वर्षापासून रोज एक तास दिला पाहिजे. लघुलेखन शिकणारे थोडे असतात, म्हणून त्याकडे विशेष लक्ष द्यावे.

न्यायालय सामान्यतः सर्वांसाठी खुले असते. विद्यार्थ्यांनी एखादा दिवस चंद्रपूरला जाऊन मागच्या बाकावर शांतपणे बसावे आणि कामकाज पाहावे. सभासदांनी आपल्या घरचे समन्स, पावत्या, नकला एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवाव्यात. शेजारच्या घरी बेलिफ आला तर लपण्याचा सल्ला न देता तो कागद वाचून दाखवावा, पेशीची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून द्यावी आणि विधी सेवा कार्यालयापर्यंत सोबत जावे. शिकलेल्या माणसाकडून समाजाची एवढी अपेक्षा रास्तच आहे.