आकाशात गेलेली तबकडी

होळी आली की सातपुड्यात ढोल घुमतो. काठीची होळी तर आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. ढोल एकजण करतो, दुसरा वाजवतो. करणाऱ्याला लाकूड आणि कातडे कळते. वाजवणाऱ्याला ताल कळतो. एकाचे काम बिघडले, तर दुसऱ्याची मेहनत फुकट जाते.

कलावंत आणि इंजिनिअर यांनी अशीच जोडी जमवून काही वस्तू आकाशात पाठवल्या. ढगांपर्यंत नव्हे, तर चंद्रावर आणि त्याच्याही फार पलीकडे. त्या दूरच्या आकाशाला अवकाश म्हणतात. त्यांतल्या दोन वस्तूंची माहिती आज आपण वाचू.

चंद्रावरची मूर्ती

1971 साली अपोलो 15 या मोहिमेतले अमेरिकेचे अंतराळवीर चंद्रावर उतरले. त्यांनी तिथे एक मूर्ती ठेवली. बेल्जियम देशाचे कलावंत पॉल व्हान हॉयडोंक यांनी ती केली होती. उंची किती? फक्त साडेआठ सेंटिमीटर. म्हणजे बोटाएवढी!

चंद्रावर दिवसा उष्णता 100 अंशांच्या वर जाते. रात्री थंडी शून्याखाली 150 अंशांहूनही जास्त. शिवाय यानात वजन जपून न्यावे लागते. म्हणून मूर्ती ॲल्युमिनियमची केली. हलकी, पण टणक.

मूर्तीजवळ एक पाटी ठेवली. मरण पावलेल्या 14 अंतराळवीरांची नावे तिच्यावर आहेत. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्यात तेव्हा मोठी चुरस होती. तरी पाटीवर दोन्ही देशांची माणसे आहेत. मात्र काही नावे राहून गेली. रशियाने आपल्या दोन माणसांचे मरण तेव्हा गुप्त ठेवले होते. जे सांगितले नाही, ते पाटीवर कसे येणार?

तांब्याची तबकडी

1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली. त्यांत माणसे नाहीत. प्रत्येक यानावर एक गाण्याची तबकडी बसवली आहे. ती तांब्याची असून तिच्यावर सोन्याचा मुलामा आहे. सोने गंजत नाही. वरून ॲल्युमिनियमचे झाकण आहे. तबकडी कशी वाजवावी, याची चित्रे झाकणावर कोरली आहेत. कारण ती ज्यांना सापडेल, त्यांना आपली भाषा कुठून येणार?

तबकडीवर 55 भाषांत नमस्कार आहे. त्यात मराठीही आहे बरं का! देशोदेशीचे संगीत आहे. भारताचे गाणे एकच आहे. ते गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी गायिले आहे. सुमारे साडेतीन मिनिटांची ती भैरवी आहे. पहिले व्हॉयेजर 5 सप्टेंबरला सुटले. 16 सप्टेंबरला केसरबाई वारल्या. बाई गेल्या, पण आवाज निघाला होता.

हाताने लिहिलेली ओळ

तबकडीचे संगीत जमवणारे टिमोथी फेरिस यांच्या अक्षरात तिच्यावर एक ओळ कोरली होती. संगीत करणाऱ्या सर्वांना ही भेट आहे, असा तिचा अर्थ. यानाची तपासणी करणाऱ्याने तबकडी पाहिली. वजन बरोबर, माप बरोबर, धातू बरोबर. पण ती ओळ मंजूर नकाशात नव्हती. म्हणून त्याने तबकडी नाकारली. तिच्या जागी कोरी तबकडी बसवण्याची वेळ आली होती.

तपासणाराचे काय चुकले? काहीच नाही. नकाशाबाहेरची एक खूणही यान बिघडवू शकते. मग या कामाचे प्रमुख कार्ल सेगन पुढे झाले. यानावर माणसाच्या हाताचे अक्षर हे एवढेच असेल, असे त्यांनी अधिकाऱ्यांना पटवले. परवानगी मिळाली आणि तबकडी गेली.

2012 साली पहिले व्हॉयेजर सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून गेले. आज ते आपल्यापासून 2,400 कोटी किलोमीटरांहून दूर आहे. आणि दर सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर पुढे जात आहे.

आपले काय?

त्या 55 भाषांत भिली नाही, पावरी नाही, अहिराणी नाही. होळीचे गाणे नाही आणि ढोलही नाही. निवडणाऱ्यांना थोडा वेळ होता आणि तबकडीवर थोडी जागा. जे त्यांच्या कानावर आले, त्यातूनच त्यांनी निवडले.

आमचे सांगणे एवढेच. तुमच्या घरी म्हातारी आजी गाणी म्हणते. ती बहुधा कुठेच लिहिलेली नाहीत. आजी गेली की गाणीही जातील. आता तुम्हाला लिहिता येते. एक वही घ्या. आजीजवळ बसा. ती म्हणेल तसे, आपल्याच बोलीत लिहा. अक्षर वाकडे आले तरी चालेल. ते आपल्या हाताचे आहे.

विचार करा आणि सांगा

1. चंद्रावरची मूर्ती ॲल्युमिनियमची का केली?
2. तपासणाराने तबकडी का नाकारली? तुम्ही त्या जागी असता तर काय केले असते?
3. तुमच्या गावातले कोणते गाणे तुम्ही पहिल्यांदा लिहून ठेवाल?